वळणावर मरणारी फटफटी

बाजारच्या दिवशी दुपार कलली की बारामतीहून निरवांगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कालव्याच्या पुलापुढच्या वळणावर, शे-दीडशे माणसं एका फटफटीच्या मरणाची वाट पाहत उभी राहत. बाजारात गेलेले लोक उरलेली वांगी येईल त्या भावाने काढून टाकत आणि बैल पळवत वळण गाठत. फुटाणेवाल्याने तर बाजारात बसणंच सोडलं होतं. सगळं गिऱ्हाईक इथं असताना तिथं बसून तो माश्या मारणार होता काय?

"आवाज आला का रं?"

"गप. कान दे जरा."

"आली! पाय वढाय लागली बघ!"

दुरून येणारा फट् फट् असा भरदार आवाज वळणाजवळ येता येता अडखळे. मग दोन आचके, एक उचकी आणि शांतता. कधी गाडी वळणाच्या वीस पावलं अलीकडे मरे, कधी तीस पावलं पलीकडे. तेवढा फरक भाविक पळत जाऊन भरून काढत.

गाडीवर माळेगावचे सर्जेराव असत. उसाचे बागाईतदार, नव्या साखर कारखान्याचे सभासद, डोक्याला फेटा, डोळ्यांना काळा चष्मा. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ही फटफटी त्यांनी तिसऱ्या मालकाकडून घेतली होती. दहा गावांत दुसरी फटफटी नसल्यामुळे ती नवी समजली जाई. दर बाजारी बारामतीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची आणि निरवांगीला सासरवाडीच्या मोसंबीच्या बागेवर जायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. दसऱ्यापासून त्यात वळणावर मरायची भर पडली होती.

गाडी मेली की बाभळीखालून चक्रनाथ महाराज उठत. कपाळभर भस्म, गळ्यात कवड्या, आणि कंबरेला लोंबणारं एक कळकट फडकं. फडक्याचा अध्यात्माशी संबंध काय, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या वळणावर कुणी काहीच विचारत नसे.

"शिवू नका! बाधा तापलीय!" महाराज ओरडत. इंजिन तापलेलं असे, त्यामुळे हे विधान निम्मं तरी खरं असायचं. मग सात प्रदक्षिणा, सात लिंबं आणि ओठांतल्या ओठांत मंत्र. शेवटी टाकीच्या झाकणावर तळहाताची एक थाप, आणि झाकणाला हिसका.

सूंऽऽ.

शे-दीडशे हात जोडले जात.

"गेली! सुस्कारा टाकून गेली!" महाराज गरजत. "वास येतो का? नरकाचा वास हाय ह्यो!"

वास पेट्रोलचा असे. पण नरकात पेट्रोल नसतं असं कोण छातीठोक सांगणार?

"आता भजन! पाच कडवी! तवर किकला हात न्हाय!"

भजन होई. पाचव्या कडव्याला सर्जेराव किक मारत, आणि फटफटी अशी धडधडू लागे की जणू काही झालंच नव्हतं. महाराज झाकण पुन्हा बसवत, डबीतला शेंदूर त्यावर जाड लिंपत आणि बजावत, "फुडच्या बाजारापत्तूर झाकणाला हात लावायचा न्हाय." सर्जेरावही हात लावत नसत, आणि गाडी आठवडाभर बिनतक्रार चालत असे. एवढा ढळढळीत पुरावा असल्यावर आणखी कसली चौकशी करायची?

एकदा एका उपटसुंभाने विचारलं होतं, "म्हाराज, एसटी हितनंच जाती. तिला कसं बाधत न्हाय?"

"एसटी सरकारी हाय," महाराज म्हणाले. "भुतं सरकारला भितात."

हे उत्तर लोकांना इतकं पटलं की त्या माणसाला फुटाणेसुद्धा कुणी देईना.

रस्त्याच्या पलीकडे छपराखाली बसून ठमाबाई हे सगळं पाहत असे. साठी उलटलेली विधवा. नवऱ्याने ठेवलेली रस्त्याकडेची पाच गुंठे जागा, तिच्यात एक पाण्याची विहीर, आणि रॉकेल-वातींचं दुकान, एवढा तिचा संसार. आसपासच्या वस्त्यांवरचे दिवे ठमाक्काच्या रॉकेलवर जळत.

तोवर गाडीचं मरण महाराज ओढ्याकाठच्या एका जुन्या भुतावर ढकलत; दिवाळीनंतर त्यांनी ते भूत सोडून दिलं. जुन्या भुतात लोकांना गोडी राहिली नव्हती. एका बाजारी डोळे मिटून त्यांनी बोट रस्त्यापलीकडे वळवलं.

"बाधा मेलेल्याची न्हाय. जित्याची हाय. ज्या नजरंसमोर गाडी मरती, त्या नजरंची हाय."

लोकांनी बोटाच्या दिशेने पाहिलं. बोटाच्या टोकाला ठमाबाई होती. महाराजांच्या बाभळीखालच्या दिव्याला फुकट रॉकेल द्यायला तिने आठ दिवसांपूर्वी नकार दिला होता, ही गोष्ट बोटाला माहीत असावी.

त्या दिवसापासून गिऱ्हाईक तुटलं. रंगूबाईसारखी वीस वर्षांची शेजारीण बाटली पदराखाली लपवून पुढच्या गावाला जाऊ लागली. ठमाबाई दिसली की बाया पोरांची तोंडं झाकत. मग महाराजांना दृष्टान्त झाला की येत्या अमावस्येला हे छप्पर हलवावं आणि जागेवर मठ बांधावा. विहिरीसकट. दृष्टान्तात विहिरीचा उल्लेख स्पष्ट होता.

पोलीस पाटील आबाजी निरोप द्यायला आले ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"ठमाक्का, लई ताणू नगंस. ओढ्यापल्याड जागा दावतो. छप्पर पोरं उचलून नेतील."

"तितनं रस्ता दिसतो का, पाटील?"

"न्हाय दिसत."

"मग रॉकेल कुणाला इकू? खेकड्यांस्नी?"

पाटील खाली पाहत म्हणाले, "मी एकटा काय करू? लोकांचं म्हणणं हाय."

आबाजी पाटील वाईट माणूस नव्हता. लोकांचं म्हणणं जिकडे जाईल तिकडे तो जाई आणि त्याला पाटीलकी म्हणे.

अमावस्या बाजारच्याच दिवशी आली. त्या सकाळी ठमाबाईने नेहमीसारखं दुकान मांडलं. जायचं असलं तरी विकून जायचं, एवढं तिने ठरवलं होतं. तिचा डबा फळीवर आडवा ठेवलेला असे. खालच्या अंगाला एक भोक, त्यात लाकडी खुंटी. खुंटी काढली की माप भरायचं. वरच्या अंगाला दाभणाने पाडलेलं दुसरं बारीक भोक.

एक गाडीवान बाटली घेऊन आला. तो परगावचा असल्यामुळे त्याला ठमाबाईची नजर अजून लागली नव्हती. तिने खुंटी काढली. धार आली, बारीक झाली, दोनदा ढुबुक् ढुबुक् झाली आणि थांबली.

"संपलं व्हय, म्हातारे?"

"संपतंय कशानं? कालच भरलाय." तिने डबा हलवला. आत रॉकेल डचमळलं. मग तिने वर पाहिलं. कुंभारीण माशीने वरच्या भोकावर मातीचं घर बांधलं होतं, अगदी लिंपून, गुळगुळीत. ठमाबाईने दाभण घेतला आणि माती खरवडून टोचली.

सूंऽऽ.

आणि खाली धार धो धो लागली.

गाडीवानाची बाटली भरून वाहू लागली तरी ठमाबाईचं लक्ष नव्हतं. "अगं म्हातारे, खुंटी लाव!" तो ओरडला. तिने खुंटी लावली, पण नजर रस्त्यापलीकडच्या बाभळीवर होती. हा आवाज ती दोन महिने ऐकत होती. आणि शेंदूर. जाड, गुळगुळीत, लिंपलेला शेंदूर.

दुपारी वळणावर मुंगीला जागा नव्हती. पोरं पहारी घेऊन छपराशी उभी होती. फटफटी आली, अडखळली आणि वळणाच्या दहा पावलं अलीकडे मेली. "आज लई जवळ मेली!" एक म्हातारा समाधानाने म्हणाला.

महाराज उठले. त्यांच्या आधी ठमाबाई रस्ता ओलांडून गाडीपाशी गेली. लोक असे मागे सरले की तिला आयती वाट मिळाली.

"जाती मी," ती म्हणाली. "छप्पर मोडा. पर ज्याच्यापायी घर सोडायचं, त्या बाधेचं त्वांड तरी जवळनं बघू द्या."

"बाईची सावली गाडीवर पडता कामा न्हाय!" महाराज म्हणाले.

"सावली माझ्या मागं हाय, म्हाराज. दिस म्होरं हाय. बघा की वळून."

लोकांनी बघितलं. सावली खरंच मागे होती. कुणीतरी फिदकन हसलं.

तिने वातीच्या कापसातून चिमटीभर पुंजका काढून कोळ्याच्या जाळीसारखा पातळ केला. "बाधा सुस्कारा टाकून भायेर पडती म्हणता ना? मग ह्यो कापूस झाकणापाशी धरते. भायेर पडली की उडंल. म्या सोताच्या डोळ्यांनी बघीन आन् जाईन."

"आज अमावस्या. आज झाकण उघडायचं न्हाय," महाराज घाईने म्हणाले.

"मग मी निरवांगीला जायाचं कसं?" सर्जेराव म्हणाले. दोन महिने ते अभिमानाने मरत आले होते, पण आज सासऱ्यांकडे जेवण होतं. त्यांनी स्वतःच झाकणाला हात घातला आणि हिसका दिला.

सूंऽऽ.

कापूस उडाला नाही. तो वाकला, ताणला गेला आणि झाकणाच्या फटीतून आत शिरला.

मग मागून एक आवाज आला, "भूत आत गेलं!"

"म्हंजी इतके दिस भायेर व्हतं?"

"न्हाय, आतलं भायेर गेलं आन् भायेरचं आत आलं!"

वळणावर बघता बघता दोन पंथ झाले. महाराजांना हे बरं वाटलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "बघितलंसा! हिनं तुमच्या डोळ्यांदेखत बाधा आत घातली! चेटकीण हाय ही!"

दोन्ही पंथ लगेच एक झाले. पहारीवाली पोरं पुढे सरकली. एकाने छपराच्या मेढीला पहार लावलीसुद्धा.

"एक माप रॉकेल घ्या," ठमाबाई म्हणाली. "फुकट. मग मोडा."

फुकट म्हटल्यावर पहार थांबली. ती डब्यापाशी गेली. खुंटी काढली. धार लागली. तिने वरच्या भोकावर अंगठा दाबला. धार बारीक झाली, ढुबुक् झाली, थांबली. अंगठा काढला. सूंऽऽ. धार लागली. पुन्हा दाबला, पुन्हा थांबली.

"बायांनो, तुमी सांगा. डब्याला एकच भोक पाडलं तर त्याल येतं का?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. चेटकिणीला उत्तर द्यावं की नाही, हा पेच होता. पण डब्याची गोष्ट डब्याची होती.

"दुसरं पाडावं लागतं," रंगूबाई पुटपुटली. "वाऱ्यासाठी."

"वारा आत गेल्याबिगर त्याल भायेर येत न्हाय. घरच्या डब्याला हे कळतं तुमाला. मग ही टाकी म्हंजी डबा न्हाय तर काय हाय? हिच्यातनं पेट्रोल खाली इंजनात जातं. त्याच्या जागी वारा कुठनं जातो? माझ्या डब्याचं भोक आज माशीनं लिंपलं व्हतं. मी म्हणते, हिचं भोक शेंदरानं लिंपलंय."

"फटफटीच्या झाकणाला भोक असतं व्हय?" सर्जेरावांनी विचारलं. तिसऱ्या मालकाकडून घेतलेल्या गाडीबद्दल त्यांना आधीच्या तिघांपैकी एकाइतकीही माहिती नव्हती.

"मला न्हाय ठावं. पर असायला पायजे."

तेवढ्यात गर्दीमागे भोंगा वाजू लागला. इंदापूरची एसटी अडली होती. ड्रायव्हर झुंबर शिव्या देत खाली उतरला, माणसं बाजूला सारत पुढे आला आणि प्रकार ऐकून कपाळावर हात मारला.

"असतं की भोक! सुईएवढं. हवा जायला. खरवडा त्यो शेंदूर."

"खबरदार!" महाराज किंचाळले. "देवाचा शेंदूर! खरवडंल त्याचा निर्वंश! ॐ गॅस्केटाय वालबुशाय फट्!"

झुंबर थबकला. त्याने महाराजांकडे नीट पाहिलं. भस्म वजा केलं, कवड्या वजा केल्या आणि कंबरेचं फडकं शिल्लक ठेवलं.

"गेण्या? आरं, तू व्हय!" तो म्हणाला. "मंडळी, एसटी यायच्या आधी खाजगी सर्व्हिस व्हती, तिच्यात मी डायवर आन् ह्यो गेणबा माझा किन्नर, गाडी पुसणारा. हे मंत्र न्हवं. गॅरेजात सामान आणायला पाठवायचो, ती यादी हाय ही! आमच्या गाडीची टाकी अशीच कोंडली की हाच झाकण उघडायचा."

ठमाबाईने दाभण सर्जेरावांच्या हातात दिला. सर्जेरावांनी निर्वंशाचा क्षणभर विचार केला. त्यांना चार मुलगे होते. त्यांनी खरवडायला घेतलं. वरचे थर चिकट निघाले, झुंबरने महाराजांची डबी हुंगली आणि सांगितलं, "मेण कालवलंय शेंदरात." त्याखाली तेलातला साधा शेंदूर निघाला.

"ह्यो आमच्या मंडळींनी दसऱ्याला पूजा करून लावल्याला," सर्जेराव म्हणाले. "देवाचा शेंदूर काढायचा न्हाय म्हणून कुणी काढला न्हाय."

त्याखाली सुईएवढं भोक निघालं.

पुढचं झुंबरने उलगडलं. पंपावर माणूस झाकण कचकून आवळायचा, म्हणून पाच मैलांत टाकी कोंडायची. महाराज झाकण उघडून परत बसवताना अर्धा आटा ढिलं ठेवायचे, म्हणून आठवडाभर गाडी ठीक. भजन लागायचं ते पेट्रोल खाली उतरेपर्यंतची वेळ काढायला. दसऱ्यानंतर पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हाच बाभळीखाली बसलेल्या बेकार गेणबाने तो आवाज ओळखला होता. दाभणाच्या टोकाने काम झालं असतं आणि चहा मिळाला असता. पण चहात मठ कुठून बांधणार?

"हे समदं बोलणं झालं," आबाजी पाटील म्हणाले. "पर गाडी?"

"जा बारामतीला," ठमाबाई सर्जेरावांना म्हणाली. "टाकी भर, झाकण कचकून आवळ आन् माघारी ये. हितं बंद पडली तर मीच माझ्या छपराला काडी लावीन."

सर्जेराव गेले. एसटीची वेळ टळत होती, पण उतारूच जागचे हलेनात. गेणबा तेवढ्यात बाभळीमागून सटकू पाहत होता. झुंबरने त्याला मानेला धरून एसटीसमोर उभा केला. "फडकं हाय ना? काच पूस." गेणबाने काच पुसली. फार सुरेख पुसली. कित्येक महिन्यांत त्याच्या हातून घडलेलं हे पहिलं उपयोगी काम असावं.

पाऊण तासाने आवाज आला. फट् फट् फट्. ठमाबाईने छपराची मेढ धरली. वळण आलं. फटफटी अडखळली नाही. इथं वेगात वळायची वेळच कधी न आल्यामुळे सर्जेराव रस्त्याच्या अगदी कडेला गेले, एका बैलाला चाटून सावरले आणि धूळ उडवत दिसेनासे झाले.

"मेली न्हाय की वो," मघाचा म्हातारा खिन्नपणे म्हणाला. फुटाणेवाला मुकाट्याने टोपली उचलू लागला.

पहारी हळूच पाठीमागे गेल्या. "झालं गेलं, ठमाक्का," आबाजी पाटील म्हणाले.

"व्हय. छप्पर माझं हाय, म्हणून झालं गेलं म्हणाय तुमाला सोपं हाय."

इतक्यात रंगूबाई पुढे आली. तिने ठमाबाईच्या पायाशी नारळ ठेवला आणि डोकं टेकायला वाकली. "आई, तुजी नजर लई मोठी! आमी वळखली न्हाय!" मागे आणखी चार जणी रांगेत उभ्या राहिल्याच.

ठमाबाईने पाय मागे घेतले.

"उचल त्यो नारळ! सकाळी माझ्या नजरंनं गाडी मरत व्हती, आता माझ्या नजरंनं चालाय लागली? आज देवी करशिला, उद्या कुणाचं पोर तापलं की पहारी घिऊन हितंच याल. देवीची चेटकीण कराय तुमाला किती वेळ लागतो ते बघितलं म्या. मला मान नगं. मला इचारा. म्हाराजाला इचारा, पाटलाला इचारा. कसं झालं, का झालं, दाव म्हणा, हात लावून बघू दे म्हणा. जो हात लावू देत न्हाय, त्याच्या म्होरं हात जोडायचे न्हायीत. एवढं केलं असतं तर माझ्या दारात पहार आली नसती."

ठमाबाई शाळेत गेली नव्हती. जे शाळेत गेले होते त्यांनी मान खाली घातली, हेही सांगायला हवं. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी ते झाकणापाशी न्यावेत, एवढं साधं काम होतं. ते दोन महिने दीडशे माणसांना जमलं नाही आणि त्यापायी एका म्हातारीचं घर जात होतं.

रंगूबाई नारळ हातात घेऊन अवघडून उभी होती. डब्याकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, "ठमाक्का... वरच्या भोकातनं वारा आत जातो म्हणतीस. मग त्या भोकातनं त्याल भायेर का येत न्हाय गं?"

त्या वळणावर खरोखर उत्तर हवं म्हणून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. ठमाबाईने फळीवर सरकून तिला जागा करून दिली.

"ये, बस हितं. आन् अंगठा लाव बघू."